आधी काडीमोड बघायचा

फोन आला तेव्हा मी वन्संशी भांडायच्या पूर्ण तयारीत बसले होते. आमच्या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. ती लगेच बसवावी असं माझं म्हणणं, थोडं थांबावं असं त्यांचं. त्या तेरला चुलतभावाकडे गेल्या होत्या आणि दुपारच्या एसटीने धाराशिवला परतणार होत्या, म्हणून मी माझे सगळे मुद्दे मनात घोकून ठेवले होते. फोनवर ते चुलतभाऊच होते. जेवण करून शैला जरा आडवी झाली ती उठलीच नाही, म्हणाले. मी पुन्हा पुन्हा "कोण?" असंच विचारत राहिले... भांडण अर्ध्यात टाकून जाणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच मुळी. याला आता महिना उलटून गेला. रडून झालं, मधूनच अजून रडू येतं. पण खरं सांगू का, त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मला आधी हसू फुटतं. आम्ही दोघींनी जी मजा केली ती नणंद-भावजयींच्या वाट्याला सहसा येत नाही.

शैलावन्सं माझ्या थोरल्या नणंद. लग्न मोडून त्या पुण्याहून परत आल्या तेव्हा मी धाराशिवला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत टायपिंगचे आणि कॉम्प्युटरचे क्लास घेत होते. पुण्यात त्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायच्या. इकडे आल्यावर नातेवाईक बायका त्यांना बघून आवाज खाली करत, आणि त्या बायकांना टाळायला वन्सं माझ्या क्लासच्या मागच्या खोलीत येऊन बसत. एक दिवस अचानक म्हणाल्या, इथले एवढे मोठे व्यापारी, पण यांचा ईमेलचा पत्ता बघ, कुणाचा पोराच्या नावाचा, कुणाचा भाच्याच्या. प्रत्येकाला त्याच्या दुकानाच्या नावाचा पत्ता द्यायचा आणि सगळ्यांचं टपाल आपल्या एका सर्व्हरवर सांभाळायचं, करतेस का? मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नव्हतं. तरी मी हो म्हणून मोकळी झाले.

मग सुरू झालं सॉफ्टवेअर निवडणं. माझं स्वतःचं लग्न ठरत होतं तेव्हाही मी इतकी हरखले नव्हते! एकाच कंपनीचं टपाल सांभाळायचं तर फार डोकं लागत नाही, पण अनेक गिऱ्हाइकं एका छताखाली आली की भानगडी वाढतात. एकाची पत्रं दुसऱ्याला दिसता कामा नयेत, एकाने गावभर जाहिराती पाठवल्या म्हणून बाकीच्यांची पत्रं अडकता कामा नयेत, आणि प्रत्येकाला आपल्या माणसांचे पत्ते आपल्या हाताने वाढवता-काढता आले पाहिजेत. आम्ही त्या सॉफ्टवेअरना "स्थळं"च म्हणायचो. एक होतं विकतचं, बघताक्षणी आवडावं असं, सगळी बटणं जिथल्या तिथं. मी त्याच्यावर अशी भाळले की वन्संनी त्याचं नाव "नवरदेव" ठेवलं. दुसरं फुकटचं, सुटे सुटे भाग आपणच जोडून उभं करायचं, दिसायला एकदम रुक्ष. तो "गबाळ्या". क्लास सुटला की आम्ही खुर्च्या जवळ ओढून बसायचो आणि कपातला चहा गार होऊन जायचा. गबाळ्यातून निघालेलं पहिलं पत्र माझ्या मोबाइलवर येऊन पडलं तेव्हा तर मी वन्संना मिठीच मारली. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती. पत्र आलं यात काय एवढं, असंच म्हणाले असते.

बेंबळीच्या करीमशेठची डाळमिल होती. ते आले की बाकीचे व्यापारी आपोआप मागे येणार, हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ते आले नसते तर क्लासच्या मागच्या खोलीतच आमचा धंदा संपला असता. करीमशेठने लातूरला आपल्या साडूच्या ऑफिसात नेमका नवरदेव पाहिला होता. बसवायचं तर तेच, नाहीतर राहू द्या, असा त्यांचा निरोप आला. मी तर नाचायच्याच बेतात होते. माझ्या मनातलं आणि गिऱ्हाइकाच्या मनातलं एकच निघालं होतं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, आधी काडीमोड बघू. म्हणजे प्रत्येक स्थळात थोडी पत्रं भरायची आणि उद्या गिऱ्हाईक सोडून चाललंय असं समजून ती सगळी बाहेर काढून बघायची. लग्नाआधी कसला काडीमोड, अभद्र बोलू नका, असं मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

"आत घेताना समदेच वाजतगाजत घेतात, मंगल. मी निघाले तवा माझी सर्टिफिकेटं, माझी शिलाई मशीन, समदं तिथंच ऱ्हायलं. मागाया गेले तर दार उघडलं न्हाय. बाहेर पडताना माणसाला त्याचं सामान मिळतंय का, तेवढं बघ."

त्या घराबद्दल वन्सं कधी बोलत नसत. नंतरही बोलल्या नाहीत. मी चहा गरम करायला उठले...

परीक्षा त्यांनी करीमशेठला समोर बसवूनच घेतली. त्यांच्या मुनीमजींनी आधीच दोन्ही स्थळांत हौसेने तूर, हरभरा, मूग असे मराठी नावांचे कप्पे करून पत्रं लावली होती. नवरदेवातून पत्रं निघाली, पण सगळी एका ढिगात, आणि कप्प्यांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. गबाळ्यातून निघाली ती तूर तुरीत आणि हरभरा हरभऱ्यात. आनंद लपवायला मला तोंडावर पदर धरावा लागला, आपलाच नवरदेव हरला हे विसरून! करीमशेठ चष्मा वर सरकवून वन्संकडे वळले.

"ताई, तुम्ही तर गिऱ्हाइकाला आधी पळायचा रस्ता दाखवायलेत. मग आम्ही थांबायचं कशाला?"

"जाता येतंय म्हणून थांबा," वन्सं म्हणाल्या. "जाता येत न्हाय म्हणून थांबलेलं गिऱ्हाईक मला नगं."

करीमशेठ मनापासून हसले आणि गबाळ्या पक्का झाला. त्यांच्यामागून पेढेवाले आले, अणदूरचे रोपवाटिकावाले आले, एक कॉलेज आलं. करीमशेठशी ज्यांचं बोलणं बंद होतं ते दुसरे डाळमिलवालेसुद्धा आले. दोघांची पत्रं एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी नांदतात, या गोष्टीची वन्संना फार गंमत वाटे. पेढेवाल्या काकांनी एका दिवाळीला साऱ्या जगाला एकदम शुभेच्छा पाठवल्या आणि सगळ्यांचंच टपाल तुंबलं, तेव्हा वन्संनी त्यांना फोन करून शुभेच्छा जरा दमादमाने द्या म्हणून बजावलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येकाला पत्रांची मर्यादा घालून दिली. दरवर्षी नवी स्थळं बघायची आणि त्यांचे काडीमोड लावायचे, हा तर आमचा सणच झाला होता.

त्या गेल्यावर गिऱ्हाइकं भेटायला येऊन गेली. हे सगळं आता एकटी मंगल कशी निभावणार, असं तोंडाने कुणी विचारलं नाही, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मलाही तेच वाटत होतं. मग गेल्या आठवड्यात करीमशेठ आले. आता थकलेत. मिल लातूरच्या भाच्याच्या कंपनीत सामील होतेय, सगळं टपाल तिकडे न्यायचंय, म्हणाले. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांना शब्द जुळवावे लागत होते.

"ताई म्हणल्या होत्या, जाता येतंय म्हणून थांबा. लई वर्सं थांबलो की, वहिनी."

इतक्या वर्षांत आम्ही लावलेले सगळे काडीमोड लुटुपुटूचे होते. खरोखर सोडून जाणारं गिऱ्हाईक हे पहिलंच, आणि नेमक्या वेळी शेजारी वन्सं नाहीत. करीमशेठला बसवून घेतलं आणि सुरुवात केली. वर्षानुवर्षांची पत्रं कप्प्याकप्प्याने निघू लागली, तूर, हरभरा, मूग, मध्येच मुनीमजींनी करून ठेवलेला "ईद मुबारक". इकडची आणि तिकडची पत्रं मी ताडून बघितली. लातूरहून भाच्याचा फोन आला, सगळं जिथल्या तिथं पोचलंय म्हणून. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक हातातून गेलं होतं आणि मी लहान पोरीसारखी उडी मारून खुर्चीतून उठले होते. वन्सं, निघालं समदं, एक पत्र मागं ऱ्हायलं न्हाय, असं मोठ्याने म्हणत मी शेजारच्या, वन्संच्या खुर्चीकडे वळले. तिथे करीमशेठ बसलेले होते. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच खुर्ची रिकामी करून दिली.