बरोब्बर एक तास मागे

काटेकाकांच्या मनगटावर घड्याळ नसतं. परदेशातल्या या आख्ख्या गल्लीची घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतः मोकळ्या हातानं फिरतो, याचं नवख्याला हसू येतं. काका म्हणतात, "दिवसभर भट्टीपुढे बसणाऱ्याला विचारा, घरी गेल्यावर त्याला शेकोटी हवीशी वाटते का!"

दुकानाच्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं, पण सगळी आजारी. एकात सव्वानऊ, शेजारच्यात पावणेचार, तिसऱ्याला तर काटेच नाहीत. खरी वेळ सांगणारी वस्तू एकच, मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. त्याला एक छोटा माइक जोडलेला. माइकवर घड्याळ ठेवलं की त्याची टिकटिक पडद्यावर उमटते आणि ते पळतंय की रेंगाळतंय ते कळतं. काम मनासारखं झालं की संध्याकाळी काका पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ बघून घड्याळ लावायचे आणि काउंटरच्या खणात ठेवून द्यायचे. फोन बाजूला पडलेला असायचा, आवाज बंद करून. आणि शेजारच्या चपलांच्या दुकानाचं शटर खडखडलं की काकांची घरी जायची वेळ झाली.

काउंटर काकू सांभाळायच्या. पण आठवड्यातले निम्मे दिवसच. उरलेले दिवस त्या घरी शिवणकाम करायच्या.

तर एक दिवस वाचनालयाच्या बाई पट्टा बदलायला आल्या आणि काकांच्या डोक्यात किडा सोडून गेल्या. त्यांच्याकडे म्हणे एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारे दोन मूळ प्रोग्रॅम होते. जुनी जुन्या जागी, नवी तिच्या शेजारी. कॉम्प्युटर चालू केला की तोच विचारतो, आज कुठलीला उठवू?

"म्हणजे दोघी एकदम जाग्या नसतात?" काकांनी विचारलं.

"नाही. एक झोपली की दुसरी."

"मग एकीला दुसरीचा पत्ता असतो का?"

बाई हसल्या. एवढा विचार त्यांनी केला नव्हता. काकांनी मात्र त्या रात्री धड जेवणसुद्धा केलं नाही. काका म्हणजे असा प्राणी, की चांगलं चालणारं कुलूपसुद्धा ते चालतं कसं म्हणून उघडून बसतील. काकूंनी या खोडीपायी घरात काय काय सुटं झालेलं पाहिलंय ते त्यांनाच ठाऊक.

आठवडाभर वाचून, बाईंना पुन्हा पुन्हा छळून आणि सगळ्या फायलींची दुसरीकडे नक्कल करून ठेवून काकांनी घाट घातला. सगळ्यात अवघड जागा म्हणजे डिस्कची वाटणी. जुनीला किती, नवीला किती! एक बटण चुकलं की जुनी उघड्यावर पडणार. भावाभावांच्या वाटणीतसुद्धा माणूस एवढा जपून बोलत नसेल. पण झालं एकदाचं. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर काळ्या पडद्यावर दोन ओळी, खाली जुनी, वर नवी. काका तरण्या पोरासारखे हसले.

काकू दारातून बघत होत्या. "या वयात सवत आणलीत म्हणा की."

"अगं, ही फुकट आहे."

"सगळ्या फुकटच येतात," काकू म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मग रोज दुपारी जेवण झालं की काका नवीला उठवायचे. ती इंटरनेटला जोडलेली. जुनीला त्यांनी मुद्दाम जोडलं नव्हतं, कारण तिला आता कंपनीकडून सुरक्षेचं औषधपाणी मिळत नव्हतं. नवीत काय गंमत! खिडक्यांची रूपं वेगळी, बटणं भलत्याच जागी, आणि तिच्यातून जुनीच्या सगळ्या फायली दिसायच्या. जुनीतून मात्र नवीचं काही दिसत नव्हतं. काकांना याचं फार नवल वाटलं. संध्याकाळ झाली की नवी बंद, जुनी चालू, आणि माइकवर घड्याळ. माइकचा प्रोग्रॅम जुनीवरच चालत होता.

महिना झाला असेल नसेल, एक बसड्रायव्हर तणतणत आला. "काका, तुमच्या घड्याळापायी मी ड्यूटीला तासभर उशिरा पोचलो!"

काकांनी घड्याळ कानाला लावलं, माइकवर ठेवलं. चाल ठणठणीत. फक्त एक तास मागे. "लावताना चुकलो असेन," म्हणून त्यांनी माफी मागितली. चार दिवसांनी एक नर्सबाई तेच सांगत आल्या. मग आणखी एक. पण मधल्या काळात कित्येक घड्याळं अगदी बरोबरही गेली होती. काही ठीक, काही तासभर मागे. यात काही ताळतंत्रच लागेना.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी फोन शेजारी धरला आणि चोर सापडला. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळच तासभर मागे होती! काकांनी कपाळावर हात मारला. मग घड्याळवाल्यानं करावं तेच त्यांनी केलं: कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत वेळ सांभाळणारा नाण्याएवढा सेल असतो तो काढला आणि नवा घातला. असले सेल त्यांच्याकडे ढिगानं. वेळ लावली, हात झटकले, संपला विषय.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा एक तास मागे. काकांनी ती पुन्हा लावली.

आता काका चक्रावले. सेल मेला तर घड्याळ वाटेल तसं भरकटतं. हे मात्र मिनिटाला मिनिट, सेकंदाला सेकंद बरोबर, आणि तास तेवढा एक कमी. आजारी घड्याळ असं नेमकं वागत नाही. कोणीतरी हातानं केल्याशिवाय असं होतच नाही.

"अगं, तू कॉम्प्युटरला हात लावतेस का?" त्यांनी काकूंना विचारलं. "कोणीतरी माझी वेळ मागे करतंय."

काकूंचा चेहरा एकदम उतरला. "मी कशाला लावू?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि नजर चुकवून आत निघून गेल्या.

तो उतरलेला चेहरा बघून काकांना एकदम आठवलं, की आपण आत्ता बोललो अगदी तसंच बोलणारा माणूस आपण पाहिलाय. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांच्याकडे ते हे काम शिकले. शेवटच्या काळात दादा घड्याळं अर्धवट जोडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, माझ्या वस्तूंना कोणीतरी हात लावतंय. रोज, सगळ्यांना, वहिनींनासुद्धा. नंतर ते वहिनींनाच ओळखेनासे झाले.

काका घाबरले. साफ घाबरले. ड्रायव्हरचं घड्याळ आपण लावलं तेव्हा काय पाहिलं होतं ते आठवून बघू लागले, तर काहीच आठवेना. रात्री अंथरुणात सगळ्या नातेवाइकांची नावं मनात म्हणून बघायचे. नवीला उठवायची इच्छाच गेली. सगळा आठवडा ते फक्त जुनीवर मान खाली घालून काम करत राहिले, आणि वेळ एकदाही चुकली नाही.

एकदाही नाही! आठवड्याच्या शेवटी हे लक्षात आलं तेव्हा काका हातातला चिमटा तसाच धरून बसून राहिले. या आठवड्यात आपण काय केलं नाही? नवीला हात लावला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच ते दुकानात गेले. जुनी बंद केली, पुन्हा जुनीच चालू केली, वेळ बरोबर. मग नवीला उठवलं, तिचीही वेळ बरोबर. तिला झोपवून जुनीला उठवलं, एक तास मागे! काका एकटेच ओरडले, "अस्सं होय!"

पाणी कुठं मुरतंय ते तर कळलं, पण का? नवीवर जाऊन त्यांनी शोधलं, तर याच प्रश्नानं जगभरातली माणसं डोकं खाजवून बसलेली. भानगड अशी होती: आत सेलवर चालणारं घड्याळ एकच, पण ते वाचायची दोघींची रीत निराळी. नवी त्यावर साऱ्या जगाची एक सामाईक वेळ लावून ठेवते आणि दाखवताना गावापुरते तास मनानं मिळवते; भारतात साडेपाच मिळवावे लागले असते, इथे एकच. जुनी म्हणते, जे लिहिलंय तीच गावची वेळ. दोघीही आपापल्या जागी खऱ्या. झोपण्याआधी नवी घड्याळ आपल्या रीतीनं लावून जायची, आणि जुनी उठून ते आपल्या रीतीनं वाचायची. सांगितलं होतं तशी एक ओळ काकांनी टाइप केली, यापुढे नवीनंही गावचीच वेळ ठेवावी म्हणून. मग दोघींना आलटून पालटून उठवून बघितलं. वेळ हलली नाही.

काकांचा जीव भांड्यात पडला. काकू डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी दारातच त्यांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आतलं घड्याळ, गावची वेळ, जगाची वेळ, दोघींची रीत. "म्हणजे मी चुकत नव्हतो! कळलं का? मी घड्याळं बरोबरच लावत होतो, समोरची वेळच चुकीची होती! एकच कळत नाही, मग मधली काही घड्याळं बरोबर कशी गेली?"

काकूंनी डबा खाली ठेवला. आणि त्या मटकन स्टुलावर बसून रडायलाच लागल्या.

"अगं, काय झालं?"

"मी करायचे," त्या म्हणाल्या. "मी असायचे त्या दिवशी. तुम्ही खणात घड्याळं ठेवलीत की फोन बघून बघून सगळी पुन्हा लावायचे. मला वाटलं, दादांसारखं तुमचंही..."

काका त्यांच्यापुढे वाकून उभे राहिले.

"बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? वहिनींनी दादांना तोंडावर सांगितलं होतं ना, तुम्ही चुकताय म्हणून. दादा दिवसभर रडले होते, आठवतं ना?" काकूंनी पदरानं डोळे पुसले. "शिवणाचं काम सोडून देणार होते. म्हणजे रोज दुकानात येता आलं असतं. तुम्हाला कळलंच नसतं."

"किती दिवस करणार होतीस असं?"

"माझ्याच्यानं होईल तोवर," काकू म्हणाल्या. मग नाक ओढून त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता ते पुन्हा सांगा. सावकाश. मघाशी मला एक अक्षर कळलं नाही."

काका दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. काकूंचा हात धरून ते पहिल्यापासून सांगू लागले, अगदी सावकाश.