गच्चीवरचा काळा डाग

माझी आई गुडघ्यांवर बसून घरमालकाची गच्ची घासत होती. हातात तारेचा ब्रश. खाली टेम्पोत आमचं सामान भरून तयार. शेजारणी कठड्याला टेकून बघत होत्या. आणि नाना, म्हणजे आमचे घरमालक, खुर्चीत बसून बोट दाखवत होते.

"तिकडे अजून काळं आहे. डिपॉझिट पाहिजे ना? मग घासा."

जळगावात मेहरूणला तीन वर्षं मी त्यांची भाडेकरू. दवाखान्यात नर्स आहे. भाडं एकदाही थकवलं नाही. घर सोडताना नानांनी भिंतीतले खिळे मोजले, नळ पिळून पाहिले. काही सापडेना. मग गच्चीवरचा जळका डाग सापडला. त्यापायी पंचवीस हजारांचं अख्खं डिपॉझिट कापतो म्हणाले.

डाग कशाचा? भरिताचा. गेल्या थंडीत नानांनाच हौस आली होती. "तुझ्या आईला बोलाव. सातपुड्याकडच्या हातचं भरीत खायचंय." आई एसटीने गोणीभर वांगी आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा घेऊन आली. जाळ लावण्याआधी तिने खाली टाकायला पत्रा मागितला. गावात आम्ही मातीवर भाजतो, पण फरशी काळी पडते एवढं तिला कळत होतं. नानांनी पत्रा दिला नाही. त्यांचे पाहुणे बोटं चाटून जेवले. आई आणि मी सगळ्यांच्या मागून, जिन्यात बसून जेवलो. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

आईचं बोट तारेने फाटलं. मी तिचा हात धरला.

"घासू दे वं माय. मोठा माणूस शे तो," आई मला म्हणाली.

नाना शेजारणींकडे बघून हसले. "जंगलातल्या लोकांना घर दिलं, चूक माझीच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ब्रश हिसकावला. आईला उठवलं. मग फोन काढला. त्या भरीत पार्टीचा व्हिडिओ नानांनीच मोठ्या मिजाशीत गल्लीच्या ग्रुपवर टाकला होता. मी आवाज पूर्ण वाढवून तो लावला. जाळात काड्या लोटणारा हात नानांचा. आवाजही त्यांचाच.

"पत्रा कशाला? लावा जाळ! घर माझं आहे!"

शेजारणी फिस्सकन हसल्या. नानांचं तोंड एवढंसं झालं. "चल पोरी, घरात बसून बोलू."

तीन वर्षांत त्या घरात मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"इथेच बोला, नाना. आईला इथेच वाकवलंत."

ते उठून खाली गेले.

संध्याकाळी सगळे पैसे फोनवर आले. मागोमाग मला ग्रुपमधून काढलं. आई म्हणाली, "मिटनं ना माय?"

नाही मिटलं. पैसे माझेच होते. तो ब्रश मी सोबत आणलाय. थंडी पडली की नाना पुन्हा पाहुणे बोलावतील, लागलेली चटक सुटत नाही. त्या दिवशी मी आईला घेऊन त्याच गच्चीवर जाणार. भरल्या पंगतीत त्यांच्या ताटाशेजारी ब्रश ठेवणार. तो डाग नानांनी गुडघ्यांवर बसून घासायचा, सगळ्यांदेखत, आईसमोर. नाही घासलं, तर तो व्हिडिओ पंगतीतल्या प्रत्येकाला तिथेच दाखवणार, आणि आईच्या फाटलेल्या बोटाची गोष्टही सांगणार.

आई नको म्हणते. आजवर तिचं सगळं ऐकलं. हे ऐकणार नाही.