आईला कापलेलं पान

खर्डी स्टेशनात गाडी हलली तरी आई खिडकीबरोबर चालत सांगतच होती, "पोटाला मारू नको रे. बाकी काय बी कर." शहापुरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा मी, मुंबईत बायकांच्या एका मासिकात पानं लावायला चाललो होतो. चित्र कुठे, मजकूर कुठे, मोकळी जागा किती, ते ठरवायचं काम. बा म्हणाला होता, "जागा मोकळी सोडायचा पगार देतात? मंग आपल्या खडकाळ रानाचा बी मागून घे."

युद्धाचे दिवस. दिवाळी अंकात गावाकडच्या नेसणीचं पान करायचं ठरलं आणि फोटोसाठी आम्ही पौषात आमच्याकडच्या म्हसा गावच्या जत्रेत गेलो. मुंबईहून आणलेल्या मुलीचा काष्टा काही टिकेना. शेवटी जत्रेला आलेल्या माझ्या आईने गाठोड्यातलं आपलं ठेवणीतलं लुगडं तिला नेसवलं, काष्टा आवळला आणि वाऱ्याने पदर उडू नये म्हणून तो धरून शेजारी उभी राहिली. ज्यावर फोटो उमटतो त्या काचा युद्धामुळे दुर्मीळ, म्हणून एकच फोटो निघाला. त्यात आई हसत होती. जन्मात तिचा तेवढाच फोटो.

आषाढात ती तापाने गेली. दिवस करायला मी घरी गेलो, तेव्हा बा रडला नाही. एवढंच म्हणाला, "तिचा फोटू हाय ना रे तुज्याकडं? आण. तोंड पाहू दे."

मी हो म्हणालो. मुंबईला परत आलो तर माझ्यामागे पान लागलेलं होतं. नजर साडीवरच ठरावी म्हणून संपादकांना उजवीकडे मोकळी जागा हवी होती. आईला कातरीने कापून टाकलं होतं. मी कचऱ्याची टोपली उपसली, मागचा उकिरडा हातांनी चिवडला. फोटोवाल्याकडे धावलो, तर त्याने काच धुऊन दुसऱ्या कामाला लावली होती. संपादक वाईट माणूस नव्हता, त्याला बिचाऱ्याला ती कोण हे ठाऊकच नव्हतं. पानाची सगळ्यांनी वाहवा केली. मला वाटलं, आता आपलं डोकं फिरणार.

दिवाळीत तो अंक घेऊन घरी गेलो. नेऊ नये असं वाटत होतं, पण रिकाम्या हाताने बाच्या पुढ्यात कसा उभा राहू? त्याने पान दारातल्या उजेडात धरलं.

"लुगडं हिचंच हाय. ही कुटं हाय रे?"

मी सगळं सांगितलं. माणूस कापून फेकतात, हे त्याला पटेल तरी कसं? "असंल कुटंतरी," तो म्हणाला. "तुला नीट शोधता येत नाय."

माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, तुमच्या स्वप्नात ओटा येत असेल, खळं येत असेल. माझ्या स्वप्नात ते येत नाही, बा येतो. अजूनही दर पौषात म्हशाची जत्रा भरली की तो खरोखरच एकेका फोटोवाल्याच्या राहुटीत शिरून विचारतो, "आमच्या हिचा फोटू तुमच्याकडं हाय का?" लोक हसतात, असं कळतं. गावात मागे राहिलेल्यांनो, हात जोडून सांगतो, त्याला आवरू नका. तो शोधायचा थांबला, तर मला घर उरणार नाही.