दहाव्या दिवसाचा ताप

आमची मुलगी दहा दिवसांची असताना तिच्या आईला ताप आला. लखनौमधला जानेवारी होता. चार दिवस ऊन पडलं नव्हतं आणि गोमती नगरातल्या आमच्या फ्लॅटमधून समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. मी इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी करतो. बाळंतपणासाठी सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. त्यांची स्वतःची तीन बाळंतपणं झालेली, मी एकही जवळून पाहिलेलं नाही, त्यामुळे घरात शब्द त्यांचाच चालायचा.

सकाळी बायको थंडीने कुडकुडायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, दूध दाटलं की ताप येतोच, त्यात ही असली हवा. त्यांनी तिच्यावर दुसरी रजई घातली आणि ओव्याची धुरी दिली. मी तापाची गोळी दिली. ओटीपोटात फार दुखतंय, असं ती एकदा म्हणाली. बाळंतिणीला एवढं दुखायचंच, असं आम्ही ठरवून टाकलं. मी लॅपटॉप उघडून कामाला बसलो. हे लिहायला जड जातं, पण बसलो होतो खरा.

दुपारी बाळ रडायला लागलं. एरवी ते नुसतं कुरकुरलं तरी ती झोपेतून उठून बसायची. आता डोळे उघडे होते, पण ती हललीच नाही. मी बाळाला तिच्या कुशीशी नेलं. तिने आधी बाळाकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाचं आहे हे?"

सासूबाई म्हणाल्या, तापात बरळतेय. मला मात्र आठवलं, बोलण्यातल्या अशा गोंधळाबद्दल मी कुठेतरी ऐकलं होतं.

हॉस्पिटलमधून घरी सोडलं त्या दिवशी वॉर्डातल्या एका वयस्कर नर्सने आम्हा सात-आठ नातेवाइकांना जिन्यापाशी उभं केलं होतं. बाळंतपणानंतर सहा आठवडे सांभाळायचं, असं तिने सांगितलं. थंडी वाजून ताप, जोराचा श्वास, गार पडलेले हात, लघवी कमी होणं, बोलण्यात गोंधळ. यातलं काही दिसलं तर उद्याची वाट पाहायची नाही. "डॉक्टर से खुद पूछिए, कहीं सेप्सिस तो नहीं," ती म्हणाली, सेप्सिस म्हणजे इन्फेक्शन अंगभर पसरून जिवावर बेतणं हेही सांगितलं, आणि तो प्रश्न प्रत्येकाकडून मोठ्याने वदवून घेतला. मी गाडी चुकीच्या जागी लावली होती, माझं सगळं लक्ष तिकडे. माझी पाळी आली तेव्हा मी पुटपुटल्यासारखं बोलून मोकळा झालो होतो.

आता मी बायकोचा हात हातात घेतला. कपाळ तापलेलं आणि बोटं बर्फासारखी. रजई बाजूला करून घड्याळ धरलं आणि तिचे श्वास मोजले. एका मिनिटात बत्तीस. सकाळपासून बाथरूमला गेली होती का, असं सासूबाईंना विचारलं. त्या विचार करू लागल्या आणि त्यांचा चेहरा बदलला.

"नाही गेली," त्या म्हणाल्या. "चल, उचल तिला."

बाळाला शेजारच्या वहिनींकडे देऊन आम्ही गाडीने निघालो. धुक्यात पुढच्या ई-रिक्षाचा नुसता लाल दिवा दिसत होता आणि मी त्याच्यामागे सरपटत होतो. मागच्या सीटवर सासूबाई तिला एकसारख्या हाका मारत होत्या. सुरुवातीला ती हूं म्हणायची. मग दोन हाकांना उत्तर आलं नाही. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

इमर्जन्सीत गर्दी होती. टेबलापाशी बसलेल्या तरुण डॉक्टरने ताप म्हटल्यावर बाकाकडे बोट दाखवलं. तरी मी टेबलाला धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "दस दिन पहले डिलीवरी हुई है। साँस तेज़ है, अपनी बच्ची को भी पहचान नहीं रही। कहीं सेप्सिस तो नहीं?"

तो ताडकन उठला. पुढचं सगळं भराभर झालं. बीपी फार खाली गेलं होतं. रक्त तपासायला गेलं, सलाईन लागलं, रिपोर्ट यायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू झालं. वारेचा छोटा तुकडा गर्भाशयात राहिला होता, त्याचं इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. तो काढला, आणि तिला आयसीयूत नेलं. आणखी काही तास गेले असते तर, असं म्हणून मोठे डॉक्टर थांबले.

तीन दिवस आम्ही काचेबाहेर होतो. कुणी सिस्टर दार उघडून बाहेर आली की सासूबाई पदर तोंडाशी धरायच्या. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मी धुरी देत बसले रे." मी सांगितलं की मीही लॅपटॉपपुढे बसलो होतो.

चौथ्या दिवशी बायकोने पाणी मागितलं, आणि मग मुलीला दूध कोण देतंय ते विचारलं. घरी आल्यावर नीट जिना चढता यायला तिला महिना लागला, केस मूठ-मूठ गळले. आयसीयूतल्या त्या दिवसांतलं तिला काहीच आठवत नाही. सासूबाई होळीपर्यंत राहिल्या. नागपूरला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी फोन केला. त्यांच्या गल्लीतली एक बाळंतीण तापाने फणफणली होती आणि घरचे दूध दाटलंय म्हणत होते. त्या स्वतः रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. साधाच ताप निघाला, डॉक्टर थोडे हसले, असं त्यांनी सांगितलं.

"हसू देत," सासूबाई म्हणाल्या.