प्रत माहितीसाठी

नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे नावांची, म्हणजे होड्यांची, फाइल आमच्या कार्यालयात कोणालाच नको असायची. गाड्यांच्या तपासणीचं काम मिळावं म्हणून लोक साहेबांच्या मागेपुढे करत. रेल्वे फाटकांच्या पाहणीला जायलाही दोघे-तिघे एका पायावर तयार असत. उरायच्या त्या नावा. मी बदलून आले त्याच आठवड्यात ती फाइल माझ्या टेबलावर आली, आणि आणून ठेवणारा बाबू गालातल्या गालात हसला. राग माझ्या नाकावर असतो, हे तोवर तिथे कोणाला माहीत नव्हतं. त्या हसण्याचा राग धरून मी ती फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली.

शहरापासून दोन तासांवर धरणाच्या पाण्याने नदी फुगली आहे. जुने रस्ते पाण्याखाली गेले. घरं एका काठाला आणि शेतं, बाजार, दवाखाना दुसऱ्या काठाला, असं होऊन बसलं. म्हणून तिथे चार घाटांवर इंजिनाच्या नावा चालतात. वर्षातून एकदा चारही घाटांवर जायचं, फळ्या ठोकून बघायच्या, इंजिन बघायचं, किती माणसं बसवायची तो आकडा नावेवर रंगवलाय ना ते बघायचं, लाइफ जॅकेटं मोजायची आणि वर्षभराच्या परवानगीवर सही करायची, एवढं माझं काम. पहिल्यांदा गेले तेव्हा पाणी अगदी स्थिर होतं. मधोमध बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे वर आले होते. मला ते पाणी आवडलं नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पहिल्या घाटावर मला ती भेटली. अंगणवाडी सेविका, पस्तिशीच्या आसपासची. सासर अलीकडच्या काठाला आणि अंगणवाडी पलीकडच्या गावात, त्यामुळे रोज दोनदा नावेत बसणं आलं. नाव काठाला लागायच्या आधीच हिच्या साडीवर नारिंगी जॅकेट चढलेलं असे, सगळे पट्टे आवळलेले. नावाडी तिची थट्टा करायचा, की बाई घरी भाकरीसुद्धा जाकीट घालूनच थापतात. ती हसायची आणि पट्टा आणखी थोडा ओढायची. तिला पोहता येत नव्हतं, आणि पाण्याला भिणं यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नव्हतं. त्या घाटावरची वीस जॅकेटं तिनेच ग्रामपंचायतीच्या मागे लागून आणवली होती. मला ती लगेच आवडली. माझ्याइतकीच चिवट होती, फक्त माझ्यासारखी तोंडाळ नव्हती.

चारही घाटांची एक रीत होती. तपासणी झाली की लवकर उठू द्यायचे नाहीत. आधी तर्री पोहे, मग चहा, मग सरपंचांच्या घरी पाणी प्यायला चला, तिथे पुन्हा चहा. तास-दीड तास सहज जायचा. दौऱ्याचा क्रमही ठरलेला, वरच्या घाटापासून खालच्या घाटापर्यंत, आणि तो आठ दिवस आधी सगळ्यांना पत्राने कळवलेला. मी सुखावून जायचे. घरी येऊन सांगायचे, की किती प्रेमळ लोक आहेत.

तिसऱ्या वर्षी पहिल्या घाटावर मला हुक्की आली. नुसती मोजायची कशाला, तरंगतात का ते तरी बघू, म्हणून मी एका जॅकेटला वजन बांधून ते पाण्यात टाकायला लावलं. तरंगलं. मी खूश झाले, पोहे खाल्ले आणि पुढे निघाले. तिसऱ्या घाटावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वीस जॅकेटं ओळीने मांडून ठेवलेली. मोजता मोजता माझा हात एका जॅकेटावर पडला आणि ओला झाला. तिथली नाव सकाळपासून काठावरून हललीच नव्हती. मी हात पदराला पुसला आणि बारा, तेरा, चौदा म्हणत मोजत राहिले.

चहा आला, तो हातात धरून मी हिशोब केला. चार घाटांत मिळून वीसच जॅकेटं होती. मी पोहे खात बसलेली असताना ती एका मालवाहू ऑटोतून माझ्या पुढे पुढे जात होती, आणि मी जितका वेळ खात बसे तितकी ती आरामात पोचत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीन वर्षं ऐंशी जॅकेटांवर सही करणारी मीच होते. चौथ्या घाटावरही मी वीस मोजली आणि सही केली. त्या सहीची लाज अजून गेलेली नाही.

परतताना मुद्दाम पहिल्या घाटावर गाडी थांबवली. सेविका काठावर बसून होती. अंगणवाडी उघडायची राहिली होती आणि जॅकेटं परत यायची होती. मी तिला सरळच विचारलं. तिने काही लपवलं नाही. खालच्या घाटांना जॅकेटं मिळालीच नाहीत, म्हणाली. तिथली नाव बंद पडली तर मिरची खुडायला जाणाऱ्या बायांची मजुरी बुडते, म्हणून वर्षातून एक दिवस द्यायची. यात आपण काही वाईट करतोय असं तिला वाटतच नव्हतं.

"आणि त्या दिवशी तुम्ही कशा जाता?"

"मी नाही जात. जाकीट नसलं त मी डोंग्यात पायच नाही ठेवत, मॅडम. मले लय भेव लागते."

आता हे कळल्यावर करायचं काय? तीन नावा एका सहीने बंद करता आल्या असत्या. पण मग तीच माणसं मासेमारीच्या लहान डोंग्यांतून गेली असती, तेही मला दिसत होतं. खालच्या घाटांना जॅकेटं हवीत असं मी साहेबांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, तुमच्याच अहवालात प्रत्येक घाटावर वीस आहेत, मग मागायची कशाच्या आधारावर? बरोबरच होतं त्यांचं. आधी एका घाटावर 'शून्य' असं लिहिलेला कागद हवा होता. म्हणजे न सांगता जायला हवं होतं. आमच्याकडे न सांगता जायचं तरी मंजुरी घ्यावी लागते. मी टिपणी लिहिली, ती मंजूर झाली. मग संगणकावर मागच्या दौऱ्याचं पत्र काढलं, चार घाटांऐवजी चौथा घाट ठेवला, तारीख बदलली, 'वार्षिक'च्या जागी 'आकस्मिक' टाकलं, सही केली आणि जावकला दिलं. पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

एप्रिलचे दिवस होते. सकाळी निघालो तेव्हाच वारा वेडावाकडा वाहत होता. कुठे जायचं ते मी ड्रायव्हरला शहराबाहेर पडल्यावर सांगितलं, एवढी मी हुशार. चौथ्या घाटावर उतरले आणि पाय जागीच थांबले. काठावर ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर वीस जॅकेटं ओळीने मांडलेली, उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड. बाजूला पोह्यांची कढई.

मी ड्रायव्हरकडे वळून बघितलं. त्याने गळ्याला हात लावून शपथ घेतली. सरपंच हात जोडत पुढे आले, आणि माझा चेहरा बघून त्यांना वाटलं, की तयारीत काही कमी पडलं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पत्र वेळेवर मिळालं, म्हणाले. खाली माझी सही होती. सहीच्या खाली, दर वर्षी असते तशी, ओळ होती: प्रत माहितीसाठी, सरपंच, चारही घाट. ती यादी मी पुसलीच नव्हती. पत्राच्या त्या टोकापर्यंत आमची नजर कधी जातच नाही. माझं आकस्मिक तपासणीचं पत्र मीच त्यांना पाठवलं होतं.

जॅकेटं कधी आणली, विचारलं. काल सायंकाळीच आणून ठेवली, म्हणाले. मग गावात बाया का दिसत नाहीत याबद्दल त्यांनी माफी मागितली. आज या पट्ट्यात सगळीकडे लसीकरण होतं आणि बाया पोरं घेऊन तिकडे गेल्या होत्या.

सेविका जॅकेट नसताना नावेत पाय ठेवत नाही, असं मी मनाशी म्हटलं. पण पलीकडे नर्स लसीचा डबा घेऊन बसलेली असणार, गावातली पोरं जमलेली असणार, आणि यादी हिच्या पिशवीत असणार. वीस जॅकेटांसाठी ग्रामपंचायतीचे उंबरठे झिजवणारी बाई पोरांना परत पाठवेल का? मला भीती वाटली. तिचा फोन लावला. वाजत राहिला.

मी सरपंचांना जॅकेटं आमच्या गाडीत भरायला सांगितली. ते गोंधळले, मोजायची नाहीत का म्हणाले. मी ओरडले. त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडायला नको होतं. काठाकाठाच्या रस्त्याने गाडी पळवली. वारा वाढला होता. झाडांच्या मधून पाणी दिसायचं, आणि एरवीच्या त्या स्थिर पाण्यावर आता पांढऱ्या रेघा उठत होत्या. मी फोन लावत राहिले, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वाजून तो बंद होत गेला. नंतर कळलं, फोन घरीच राहिला होता.

पहिल्या घाटावर गर्दी होती आणि आवाज नव्हता. तेवढ्यावरूनच मला कळलं. वाऱ्याने नाव मध्यावर आडवी होऊन उलटली होती. बाकीच्या सगळ्यांना मासेमारीच्या डोंग्यांनी काढलं होतं. तिचा शोध चालू होता. नावाडी अंगावर कोणाचंतरी धुडकं घेऊन बसला होता आणि कोणी न विचारता तेच तेच सांगत होता. ती बराच वेळ काठावर थांबली. जाकीट केव्हा येतील ते सगळ्यांना विचारून झालं. तिकडून नर्सचा निरोप आला, की आता डबा बंद करून निघते. मग म्हणाली, चला. दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती, म्हणाला. नाव उलटली तरी फळी सोडली नाही तिने.

तिची सासू घाटाच्या पायरीवर बसून होती. मी जाऊन शेजारी उभी राहिले. पुढे चौकशी झाली, साहेबांनी सांभाळून घेतलं, चारही घाटांना जॅकेटं मंजूर झाली. पण त्या वेळी तिथे फक्त आमचा ड्रायव्हर काहीतरी करत होता. कोणी न सांगता तो गाडीतून जॅकेटं उतरवून काठावर ओळीने ठेवत होता. म्हातारी ते बघत होती. मग तिने मान वर केली. आवाजात राग नव्हता. जाकिटं परत आली, म्हणून विचारलं.

"झाली का बाई तुमची तपासणी?"

मी हो म्हणाले.