नावाची बाजू वर

"मिस्त्री, तुमच्या सायकलीनं भाऊसाहेबांची इज्जत घालवली," गोरख फोनवर म्हणाला.

गोरख हा भाऊसाहेबांचा पीए. भाऊसाहेब गेवराई तालुक्यातले मोठे बागायतदार. पद सध्या माजी, इच्छा भावी. सायकल माझी नव्हती, त्यांचीच होती. मी ती खोक्यातून काढून जोडून दिली, एवढाच माझा संबंध. पण आमच्याकडे यंत्र चाललं की मालकाचं असतं आणि बंद पडलं की मिस्त्रीचं.

दुपारपर्यंत पिकअप बीडला माझ्या दुकानासमोर उभा राहिला. मागे सायकल आणि तिच्याभोवती बसलेले कार्यकर्ते. पेशंट एक, नातेवाईक भरपूर.

"तलवाड्याचा चढ लागला," गोरख सांगू लागला. "साहेब म्होरं, आमी मागं, हलगी चालू. साहेबांनी गेर बदलला अन् चेन खाडकन चाकाच्या तारांत गेली. समद्यांसमोर पाय टेकावा लागला ना राव!"

"पडले का?"

"पडले न्हाईत. पर उतरले. उतरनं लई वाईट. विरोधकांनी व्हिडिओ काढला." मग त्याने आवाज खाली आणला. "रविवारी उमापूरला मोठी सायकल रॅली हाय. तिथं असं झालं तर साहेब माईकवरून तुमच्या दुकानाचं नाव घेनार हायेत. मीच भाषणात टाकलंय."

ही धमकी पोकळ नव्हती. माझ्याकडे येणारी माणसं म्हणजे पहाटे सायकल चालवणारे डॉक्टर, प्राध्यापक, दोन-चार पोलीस. ते एकमेकांना विचारून येतात. जाहिरात मी कधी केली नाही, आणि ती माईकवरून अशी व्हावी अशी इच्छाही नव्हती.

सायकल स्टँडवर चढवली. ही ग्रॅव्हल बाईक. रेसच्या सायकलीसारखं वळलेलं हँडल, पण टायर जाड, खडी-मातीच्या रस्त्यासाठी. आमच्या तालुक्यांत डांबरी रस्त्यासाठीही तीच लागते. साध्या गिअरच्या सायकलीला पेडलपाशी दोन-तीन दातेरी चकत्या असतात, हिला एकच. म्हणून पुढचा गिअर बिघडण्याची भानगड नाही. सगळा कारभार मागे, लहानमोठ्या चकत्यांच्या गठ्ठ्यावर. त्या गठ्ठ्यावरून चेन इकडून तिकडे ढकलणारा जो लोंबता हात असतो, तो डिरेलर. भाऊसाहेबांना यातलं काही नको होतं. शोरूममध्ये त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "यापेक्षा भारी आहे का?"

केबलचा ताण पाहिला. ठीक. चेनची लांबी ठीक. डिरेलरने कुठपर्यंत जायचं हे ठरवणारे दोन लिमिट स्क्रू असतात, ते मी लावले तिथेच होते. तरी मोठ्या चकतीवर टाकली की चेन तिच्याही पलीकडे सरकून चाकाच्या तारांना भिडत होती. अशा वेळी शिकाऊ माणूस स्क्रू पिळत बसतो. मी वाक मोजायचा गेज काढला आणि हँगर तपासला.

हँगर म्हणजे फ्रेमला लावलेला मऊ ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. डिरेलर त्यालाच लटकतो. तो मुद्दाम मऊ करतात. धक्का बसला तर त्याने वाकायचं किंवा तुटायचं, पण फ्रेम वाचवायची. पक्षात कार्यकर्त्याचं जे काम, तेच सायकलीत हँगरचं. हा चांगलाच आत वाकला होता. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणतात. इथे नाच येत नव्हता हे खरंच, पण अंगणही वाकडं होतं.

"सायकल उजव्या अंगावर पडली होती का?"

"साहेबांची सायकल कोन पाडंल बे?" मागून एक कार्यकर्ता गुरकावला.

मी हँगर सरळ केला, सगळे गिअर टाकून दाखवले आणि सायकल दिली. दोन दिवसांत ती परत आली. तोच दोष. या वेळी भाऊसाहेब स्वतः आले, पांढऱ्याशुभ्र गाडीतून, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"मिस्त्री, कंपनीचा माणूस बोलवायचा का पुण्याहून?"

"बोलवा. तोही हँगरच बदलेल."

एकदा सरळ केलेला मऊ धातू पुन्हा सरळ करण्यात अर्थ नसतो. मी नवा हँगर लावला, गिअर पुन्हा जुळवले. कार्यकर्त्यांनी सायकल उचलली. या वेळी मी हातातलं काम सोडून बाहेर आलो.

नवरीला मांडवात बसवावं इतक्या जपून त्यांनी ती पिकअपमध्ये आडवी केली. उजव्या अंगावर. चेन खाली, डिरेलर खाली, हँगर खाली. वर झेंड्यांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर स्पीकर, आणि उरलेल्या जागेत एक कार्यकर्ता टेकून बसला.

"अहो, उलटी ठेवा! डावी बाजू खाली घ्या!"

सगळे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी काही अभद्र बोललो होतो.

"कसं बोलता मिस्त्री?" गोरख म्हणाला. "त्या अंगाला साहेबांचं नाव हाय."

होतं खरं. फ्रेमच्या डाव्या बाजूला रेडियमच्या अक्षरांत भाऊसाहेबांचं पूर्ण नाव, अलीकडे 'मा.' आणि पलीकडे उगवता सूर्य.

"नाव खाली घालून साहेबांना गावातून न्यायचं? लोक काय म्हनतील?"

"मग उजवीकडे का नाही लिहिलं?"

"तिकडं चेनचं तेल उडतंय की. साहेबांच्या नावावर तेल?"

मी भाऊसाहेबांना हँगर समजावला. सगळं वजन त्याच्यावर येतं, म्हणून तो वाकतो, म्हणून चेन तारांत जाते. पुढारी ऐकतात तसं त्यांनी ऐकलं, मोबाईलकडे बघत.

"मग तो तुकडा लोखंडाचा बसवा."

"मग फ्रेम मोडेल."

"कावून?"

पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि गोरखला म्हणाले, "याला जमत नाही असं दिसतंय."

माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा स्क्रू पिळतोय.

"भाऊसाहेब, हँगरचं राहू द्या," मी म्हणालो. "रॅलीत तुमच्या डाव्या हाताला जी पब्लिक असते, तिला तुमचं नाव दिसतं. उजव्या हाताच्या पब्लिकला काय दिसतं?"

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला.

"नुसती सायकल," मी म्हणालो.

ते गोरखकडे वळले.

"गोरख," भाऊसाहेब म्हणाले, "हे तुझ्या ध्यानात कावून आलं न्हाई?"

सायकल तिथेच पिकअपमधून उतरवली आणि संध्याकाळच्या आत उजव्या बाजूलाही नाव चढलं. तेलापासून दूर, वरच्या नळीवर, आणि 'मा.' जरा मोठा. मग गोरखचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"मिस्त्री, आता कंचं नाव खाली घालायचं?"

"कोणतंच नाही. उभी न्या."

रविवारी मी हत्यारं घेऊन उमापूरला गेलो. सायकल आली ती पिकअपमध्ये ताठ उभी. एक कार्यकर्ता हँडल धरून, दुसरा सीट धरून, दोघे उन्हात घामाघूम. हँगर सूतभरही हलला नव्हता. भाऊसाहेब वेशीपासून बाजारापर्यंत चालवत गेले, चेन जागची हलली नाही. गिअरही त्यांनी एकदाही बदलला नाही, पण तो त्यांचा प्रश्न.

मग भाषण झालं. सायकलीतला दोष आपण स्वतः शोधून काढला, कंपनीच्या माणसालाही तो सापडत नव्हता, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या दुकानाचं नाव कुणीच घेतलं नाही आणि मी एवढी वाट वाकडी करून गेलो होतो ते त्याचसाठी.

आता गिअरची सायकल देताना गिऱ्हाइकाला मी दोन गोष्टी सांगतो. आडवी ठेवाल तेव्हा चेनची बाजू वर. आणि नाव टाकायचंच असेल तर त्याच बाजूला टाका.