मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलंच नाही

विद्यापीठात स्वीडन-नॉर्वेकडच्या संस्कृतीचं केंद्र निघालं आणि मला तिथं शिपाई म्हणून टाकलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या लोकांचं आपल्याकडं काय अडलंय? भाषा फुकट शिकवायची, तीन वाजता कॉफी फुकट, वर दालचिनीचे गोड पाव. अहो, फुकट कोण काय देतं का आजकाल! वाळूजच्या कंपनीतला माझा मेव्हणा म्हणला, "दाजी, पोरीला जपा." कारण माझी पोरगीच तिथं स्वीडिश शिकत होती.

केंद्राच्या मुख्य मॅडम स्वीडनच्या. मराठी तोडकंमोडकं, पण बोलायच्या. स्वतःचा कप स्वतः विसळायच्या, मला समोर खुर्चीवर बसा म्हणायच्या. हे कशासाठी? मी डोळा ठेवून असायचो. डिसेंबरात तर कहरच झाला. त्यांचा कसलासा सण, पोरींना पांढरे झगे, आणि माझ्या पोरीच्या डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट! आता हिचा धर्मच बदलणार, नाहीतर केस तरी पेटणार म्हणत मी पाण्याची बादली घेऊन दाराआड उभा. पोरगी मात्र लई गोड गायली.

मार्चमध्ये मॅडमनी मला खोलीत बोलावलं. पोरगी तेव्हा पिशोरला लग्नाला गेलेली. त्या म्हणाल्या, "एक वर्ष आमच्याकडे शिकायला दोन मुलं पाठवायची. खर्च आमचा. तुमची मुलगी सगळ्यात हुशार. इथं आधी वडलांना विचारतात ना? नाव देऊ?"

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट दिसतो. आमच्यात पोळी वाढतानासुद्धा दोनदा नको म्हणायचं असतं, वाढणारानं ती तरीही ताटात टाकायची असते. शिवाय संशय होताच. म्हणलं, खरंच पाहिजे असंल तर आग्रह करतील.

"नाय मॅडम, नको. कशाला उगं."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि कागदावर एक रेघ ओढली.

मी घुटमळलो. टेबल पुसलं, पुसलेलंच परत पुसलं. त्यांनी मान वर केली नाही. बघा, नुसतं बोलायचं म्हणून बोलल्या, असं मनात म्हणत मी बाहेर आलो.

चार दिवसांनी यादी लागली. पोरगी घरी आली ती बॅग फेकतच. "पप्पा, मला साधं विचारलं पण नाय हो! वर्गात मीच पुढं होते. शिपायाची पोरगी म्हणून टाळलं असंल ना?"

सांगायला पाहिजे होतं. मी तिची बॅग उचलून खुंटीला अडकवली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"असंल," मी म्हणलो. "त्या लोकांचा काय भरवसा."

तिनं केंद्रात जाणं सोडलं. मॅडम मला अजून विचारतात, मुलगी का येत नाही? मी सांगतो, तब्येत बरी नाय. आणि त्या लगेच खरं मानतात.